मनगटाची झोप

३ मार्च

ती. आत्या,

नमस्कार. फोन न करता लिहिते आहे. फोनवर तू "जेवलीस का" विचारतेस, मी "हो" म्हणते आणि आपलं बोलणं संपतं.

मी दिलेलं घड्याळ तू रोज बांधतेस हे मला इथे बसून दिसतं, कारण त्याची नोंद तुझ्या परवानगीने माझ्या फोनवर येते. (परवानगीचं बटण शेजारच्या चष्मेवाल्यांनी तुझं बोट धरून दाबलं होतं. तरी ती तुझीच धरली जाते.) गेल्या आठवड्याची नोंद अशी आहे: रात्री सात तास झोप. मग सकाळी दहा दहा ते बारा पन्नास, गाढ झोप. दुपारी तीन ते पाच वीस, पुन्हा गाढ झोप. एकूण बारा तास. रविवारी मात्र दिवसा एक मिनिटही नाही. म्हणजे दुकान बंद असतं तेव्हा तू जागी असतेस आणि दुकान उघडलं की झोपतेस. हे मला जुळवता येत नाही.

या घड्याळातल्या झोपेच्या भागावर मीच काम करते, म्हणून मला दोन शक्यता दिसतात. तू आजारी आहेस आणि काउंटरमागे मान टाकून पडलेली असतेस, किंवा घड्याळ चुकतं आहे. पहिलं असेल तर डॉक्टरांकडे जा. दुसरं असेल तर सविस्तर लिही, कारण मग ती चूक माझी.

माझं ठीक चाललं आहे. आमच्या कंपनीत एक झोपेची खोली आहे. दिवसाढवळ्या जाड पडदे ओढून तिथे सहा माणसं झोपवतात. त्यांच्या मनगटांवर आमची घड्याळं असतात आणि काचेच्या अलीकडे बसून मी त्यांच्या झोपेच्या रेषा बघते. रेषा खाली जाते, तळाला टेकते, जरा वर येते, पुन्हा टेकते. बघता बघता आपणही पाण्याखाली बसलो आहोत असं वाटायला लागतं. चहाला बाहेर आलं की सगळे फार मोठ्याने बोलत असतात.

तुझी,
चावी


१४ मार्च

चि. चावी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून इतकी हसले की चष्मेवाले शेजारच्या दुकानातून उठून आले. त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "ताई, झोपेत एवढं काम करता, मग जाग्या झालात तर आमचं काय होईल?"

अगं, मी झोपत नाही, मी काम करते. घड्याळ उघडलं की मी उजवं मनगट बाकाच्या लाकडावर टेकवते आणि काम होईपर्यंत उचलत नाही. हलतात ती दोन बोटं आणि त्यांतला चिमटा. स्क्रू बसत असताना श्वास सोडला तरी तो उडून जातो, म्हणून श्वासही धरायचा. तुझं घड्याळ त्याच मनगटावर आहे. डाव्यावर माझं चावीचं आहे, ते मी कुणासाठी काढणार नाही, हे तुला तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हा घड्याळाची चूक नाही बाई. तुझा बापही लहानपणी ओरडत जायचा, "आई, ताई बसल्याबसल्या झोपली!"

आणि खरं सांगू का, फारसं चुकतही नाही ते. भिंग डोळ्याला लावलं की थोड्या वेळाने मशीन दिसेनासं होतं आणि वरून बघितलेलं एक गाव दिसायला लागतं. पितळी छपरं, लाल खड्यांचे दिवे, मधोमध ते डोलणारं चाक. तिथे वारा नसतो. बाहेर कुणी हाक मारली तर ती मला फार लांबून, पाण्यावरून आल्यासारखी येते. पस्तीस वर्षं मी त्या गावात ये-जा करते आहे. आता या भागात बारीक मशीन उघडणारी मी एकटीच उरले, म्हणून लोक येतात. हे मनगट हलत नाही, एवढीच माझी मालमत्ता. म्हणून तर तुझ्या कंपनीलाही ती सापडली.

परवा एक निवृत्त नर्सबाई आल्या. त्यांचं छातीवर टाचायचं घड्याळ पडलं आणि बॅलन्सची धुरी मोडली. म्हणजे जे चाक सारखं डोलतं, त्याची केसाएवढी काडी. चाळीस वर्षं त्यांनी त्या घड्याळावर माणसांच्या नाड्या मोजल्या. म्हणाल्या, "ते बंद पडल्यापासून खोलीत कुणी नसल्यासारखं वाटतं." नवी धुरी मागवली आहे.

दर शनिवारी स्टुलावर चढून दुकानातल्या सगळ्या घड्याळांना चावी देत फिरायचीस, ती तू आता माणसं झोपवतेस. बरं आहे. जेवतेस ना?

तुझी आत्या


२७ मार्च

ती. आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग ऑफिसात नेलं.

घड्याळ झोप ओळखतं ते दोन गोष्टींवरून: मनगटाची हालचाल आणि नाडी. तुझं मनगट दोन-दोन तास हलत नाही आणि नाडी मिनिटाला बावन्नवर जाते. आम्ही जे शिकवलं त्याप्रमाणे घड्याळ बरोबर आहे, शिकवणारे चुकले. झोपेत श्वास एका लयीत असतो. तुझा थांबतो, सुटतो, पुन्हा थांबतो. श्वासाची लय नाडीत दिसते. ती तिसरी अट म्हणून घातली तर बाकावर बसलेलं माणूस आणि झोपलेलं माणूस वेगळे काढता येतील. मी ते लिहायला घेतलं आहे. मे महिन्याच्या मध्यावर जो बदल सगळ्या घड्याळांना पाठवणार आहेत, त्यात तो जाईल.

त्यासाठी तुझ्या महिन्याभराची कच्ची नोंद वापरायला हवी आहे. नुसता सारांश मला पुरणार नाही. सोबतच्या कागदावर सही कर. या वेळी चष्मेवाल्यांनी बोट धरू नये.

आमच्या विभागाच्या साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते नव्या पट्ट्यांच्या रंगांत होते. ते नेहमीच पट्ट्यांच्या रंगांत असतात, म्हणून पदाने सगळ्यांत वर असूनही मजल्यावर त्यांना पट्टेवाले साहेब म्हणतात. म्हणाले, "असे घड्याळजी जगात किती असतील?" मी म्हटलं, एक मला माहीत आहे. म्हणाले, "गोष्ट चांगली आहे. करा."

दुसरा निर्णय असा झाला की पुढच्या मॉडेलला बाजूचं बटण नसेल. नुसती काच. तीन बैठका झाल्या. मी विरोधात बोलले नाही, कारण तो माझा भाग नाही.

काल झोपेच्या खोलीत एक बाई हसल्या, झोपेत. रेषेवर काहीच दिसलं नाही.

तुझी,
चावी


९ एप्रिल

चि. चावी,

कागदावर सही केली आहे. वळणदार केली आहे, नीट बघ.

बटण काढल्याचं चष्मेवाल्यांना सांगितलं तर त्यांनी काउंटरवर हात आपटला. त्यांच्याकडे सगळं असतं: पावलं मोजणारी अंगठी, बोलणारा दिवा, वजन सांगून वर टोमणा मारणारा काटा. पण हल्ली चष्म्यात कॅमेरा बसवायला लागले आहेत, त्यावर ते संतापलेत. "चष्म्याने बघायचं असतं हो ताई, दाखवायचं नसतं!" बटणाबद्दल त्यांचं म्हणणं, "आधी चावी काढली, मग काटे काढले, आता बटण. पुढच्या वर्षी घड्याळच काढतील आणि म्हणतील, बघा किती हलकं झालं!"

मला विचारशील तर, माणसाच्या बोटांना काहीतरी फिरवायला लागतं. गिऱ्हाईक घड्याळ परत घेतं तेव्हा वेळ बघत नाही, आधी चावी फिरवून बघतं. नुसत्या काचेला काय फिरवणार?

नर्सबाईंची धुरी आली. बसवलेली नाही अजून. मंगळवारी एक स्क्रू उडाला. तासभर गुडघ्यांवर बसून फरशी चुंबकाने झाडली, मिळाला नाही. असं क्वचित होतं.

परवा स्वप्न पडलं. मी दुकानात बसले होते आणि भिंतीवरच्या घड्याळांतून बर्फ पडत होता, बारीक, टिकटिक करत. मी हात पुढे केला तर तो हातावर साचत गेला, पण हात काही खाली जाईना. फार बरं वाटलं.

तुझी आत्या


२ जून

ती. आत्या,

एप्रिलनंतर तुझं पत्र नाही. माझंही नाही, म्हणून तक्रार करत नाही.

बदल पंधरा मे रोजी गेला. काल तुझी रोजची नोंद बघितली. मे महिन्यात तुझी दिवसाची झोप कमी होत गेली आहे आणि सतरा तारखेपासून ती शून्य आहे. सकाळ शून्य, दुपार शून्य. रात्रीची सात तास, आधीसारखीच. म्हणजे घड्याळाला आता तुझं काम कळतं. सतराच्या आधीची घट मला नीट समजलेली नाही. गिऱ्हाईक कमी असेल असं धरते.

पट्टेवाल्या साहेबांनी हा आलेख मोठ्या सभागृहात दाखवला. वर लिहिलं होतं, "एका घड्याळजींचा दिवस". डावीकडे निळ्या झोपेचे दोन मोठे ठोकळे, उजवीकडे ते गायब. टाळ्या वाजल्या. मला उभं राहायला सांगितलं, मी राहिले. चार वर्षांत इथे मला पहिल्यांदा काहीतरी पूर्ण झाल्यासारखं वाटलं. परतताना लिफ्ट रिकामी होती आणि मी एक मजला जास्त वर गेले.

नर्सबाईंचं घड्याळ झालं का?

तुझी,
चावी


१३ जून

चि. चावी,

अनेक आशीर्वाद. अक्षर वेगळं दिसेल. माझा चष्मा नव्या नंबरसाठी दिला आहे, म्हणून मी सांगते आहे आणि चष्मेवाले लिहिताहेत.

तुझं खूप कौतुक वाटलं. टाळ्या वाजल्या म्हणजे केवढी गोष्ट! तुझं घड्याळ शहाणं झालं म्हणायचं. आता ते मला झोपाळू म्हणत नाही. मी पण त्याला बरं बोलते.

इकडे काम बेताचंच आहे. बारीक काम कुणी आणत नाही फारसं. सेल बदलायचे, पट्टे बदलायचे, तेवढं करते. तुझ्या साहेबांसारखी मीही आता पट्ट्यांत आहे. नर्सबाई दर गुरुवारी येतात आणि समोरच्या खुर्चीत बसून राहतात. घाई करत नाहीत. दुपारचं ऊन काचेच्या कपाटातून जमिनीवर येतं, त्यात धूळ तरंगत असते, आणि आम्ही दोघी ती धूळ बघत बसतो. त्यांचं घड्याळ काचेच्या झाकणाखाली उघडं ठेवलं आहे. पुढच्या आठवड्यात करीन.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी आत्या

ता. क. ताईंच्या चष्म्याचा नंबर बदललेला नाही. माझ्या धंद्याचा प्रश्न आहे म्हणून लिहिलं. — लिहिणारा.


३० जून

आत्या,

चष्मेवाल्यांची ताज्या कलमाची ओळ मी विनोद समजले होते.

काल बैठक होती. कंपनीने ठरवलं आहे की पहिलं मॉडेल, म्हणजे तुझं, एकतीस ऑगस्टनंतर सांभाळायचं नाही. त्याची नोंद आमच्याकडे येणं थांबेल. जुन्या चिपमध्ये जागा कमी आहे हे कारण दिलं, आणि पुरावा म्हणून सांगितलं की गेल्या मे महिन्यातला बदलही पहिल्या मॉडेलला पाठवता आला नव्हता.

मी यादी मागवून घेतली. बदल तिसऱ्या मॉडेलपासून पुढे गेला आहे. यादीखाली चार सह्या आहेत, त्यांत माझी आहे. मी फक्त माझा भाग वाचून सही केली होती.

म्हणजे तुझ्या घड्याळाला मी काहीही शिकवलेलं नाही. ते मार्चमध्ये जसं होतं तसंच आहे. बाकावर तुझा हात स्थिर असता तर ते आजही तुला झोपलेलीच म्हणालं असतं.

मग मी कच्ची नोंद उघडली. घड्याळ बिघडलेलं नाही, रात्रीची झोप ते बरोबर मोजतं. तू दुकानात बसतेस, पावलं तेवढीच आहेत. मनगट बदललेलं नाही. पण दिवसा त्या मनगटावर एक हालचाल आहे, बारीक, एकसारखी, सेकंदाला चार ते पाच वेळा. कुठलंही माणूस मुद्दाम इतक्या एकसारखं हलू शकत नाही. ती पहिल्यांदा सात एप्रिलला दिसते, दहा मिनिटं. सात एप्रिल मंगळवार होता. सतरा मेपासून ती जवळजवळ दिवसभर आहे.

सभागृहात ज्याला टाळ्या पडल्या, ती तुझी थरथर होती.

चष्म्याचं सांगू नकोस. गिऱ्हाईक येत नाही हेही सांगू नकोस. स्वतःच्या हाताने लिही. जसं येईल तसं.

चावी


१२ जुलै

चि. चावी,

हे माझं अक्षर. ओळी चढतात-उतरतात, सांभाळून वाच.

तो स्क्रू माझ्याच हाताने उडाला. वाटलं दमले असेन. मग मे महिन्यात नर्सबाईंची धुरी उचलली आणि चिमट्याचं टोक नाचायला लागलं. मी बघत बसले. भीती नंतर वाटली. आधी नवल वाटलं, की हे कोण करतंय? चिमटा ठेवला, हात मांडीवर घेतला, तर तो मांडीवरही चालूच. दुकानातल्या सगळ्या घड्याळांना मी बंद-चालू करू शकते आणि हे एक मला थांबवता येईना.

तुझं टाळ्यांचं पत्र आलं आणि मला आयतं कारण मिळालं. वाटलं, पोरगी खूश आहे, घड्याळ शहाणं झालंय म्हणते, तर झालं असू दे. चष्मेवाल्यांना घातलेली शपथ त्यांनी एका ओळीत मोडली. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तेच चहा घेऊन आले.

डॉक्टरांकडे गेले नाही. गेले की ते एक शब्द सांगतील, आणि मग तो शब्द रोज माझ्याआधी दुकानात येऊन बसेल. पाटी माझी, बाक माझा, आणि खुर्चीत तो.

एकच विचारते. तू रेषा बघतेस म्हणून तुलाच विचारता येईल. मला अजून रोज स्वप्नं पडतात आणि स्वप्नात मी घड्याळं उघडते. हात दगडासारखा असतो. धुरी जाते, चाक बसतं, डोलायला लागतं. सकाळी डोळे उघडले तरी थोडा वेळ ते सुख अंगात राहतं. तर झोपेत माझा हात खरंच थांबतो का? की मला तसं नुसतं वाटतं? मला माझं बघता येत नाही. तू बघून खरं ते लिही. वाईट असलं तरी.

आत्या


२३ जुलै

ती. आत्या,

थांबतो. पूर्ण थांबतो. शंभर रात्री तपासल्या, एकाही रात्री झोपेत ती हालचाल नाही. तुला वाटतं ते खरं आहे.

तपासताना आणखी एक सापडलं, ते तू विचारलं नव्हतंस. थरथर जाग आल्याबरोबर सुरू होत नाही. उठल्यावर सरासरी वीस मिनिटं तुझा हात मार्चमध्ये होता तितकाच स्थिर असतो. सर्वांत कमी चौदा मिनिटं, सर्वांत जास्त सव्वीस. मग हळूहळू ती येते. या महिन्यात रविवारी दुपारी तू पडायला लागलीस, त्यानंतरही तसंच. डोळे उघडल्यावर सुख अंगात राहतं असं तू लिहिलंस, त्याला एवढा आधार आहे.

सोबत अकरा पानं आहेत. पहिल्या पानावर सारांश, बाकी आलेख, तारखांसकट. ती डॉक्टरांना दे. शब्द ते सांगतीलच. पण तो शब्द खुर्चीत बसला तरी तुझ्या नोंदीवरच बसेल, म्हणजे निदान मोजलेला असेल.

बैठकीत मी पहिल्या मॉडेलची मुदत वाढवावी असं म्हटलं. कारण सांगताना आलेख दाखवला, नाव न घेता, आणि टाळ्यांच्या दिवशी त्याचा अर्थ मी चुकीचा लावला होता हेही सांगितलं. पट्टेवाले साहेब म्हणाले, "फार वाईट वाटलं, पण अशी घड्याळं आता जगात किती असतील?" मग मतं झाली. माझं एक. निर्णय तोच राहिला. एकतीस ऑगस्टनंतर तुझं घड्याळ नुसती वेळ दाखवेल.

सही मात्र या वेळी सगळी पानं वाचून केली. विरोधाच्या रकान्यात.

मी येऊ का, हे विचारत नाही, कारण तू नको म्हणशील. तू म्हणालीस तर येईन.

तुझी,
चावी


१६ ऑगस्ट

चि. चावी,

डॉक्टरांकडे जाऊन आले. चष्मेवाले सोबत होते. डॉक्टरांनी तुझी अकराच्या अकरा पानं वाचली, चष्मा काढून पुसला, आणि विचारलं, "हे कुणी केलं?" म्हटलं, भाचीने. "डॉक्टर आहे?" म्हटलं, नाही हो, आमच्यासारखीच घड्याळवाली आहे.

त्यांनी शब्द सांगितला. तुला तो माहीत असणार, म्हणून लिहीत नाही. बरा होणारा नाही, पण सावकाश चालणारा आहे म्हणाले. घरी आले, भात खाल्ला, झोपले. सकाळी तो माझ्याआधी दुकानात नव्हता. साडेदहाच्या सुमाराला आला. येऊ दे.

आता ऐक. मी दुकानाच्या मागच्या खोलीत खाट टाकली आहे. दुपारी शटर अर्धं ओढते, झोपते, आणि जाग आली की कुणाशी न बोलता, तोंडही न धुता थेट बाकावर येऊन बसते. स्वप्न तुटायच्या आत. बाहेर गिऱ्हाईक असेल तर चष्मेवाले तोंडावर बोट ठेवून त्याला थोपवतात. नर्सबाईही तशाच बसून राहतात. डोळ्याला भिंग लावते आणि ते गाव तिथेच असतं, सगळे दिवे लागलेले. मधलं काहीच घडलं नाही असं वाटतं. गोळ्यांनी तुझ्या वीस मिनिटांची तीस झाली आहेत. या खाटेवर मी गेल्या दोन आठवड्यांत तीन घड्याळं चालू केली. सोपी होती, पण केली.

नर्सबाईंचं जमलं नाही. तीनदा बसले. जुनी धुरी काढायची, चाक सरळ करायचं, नवी ठोकायची, तोलायची, केसासारखी स्प्रिंग वर बसवायची. कितीही हात चालवला तरी पन्नास मिनिटं लागतात, आणि मध्ये सोडलं तर पहिल्यापासून. तीनदाही तिसाव्या मिनिटाला हात सुरू झाला आणि मी सगळं झाकणाखाली ठेवून दिलं. गुरुवारी नर्सबाईंनी उठून माझं मनगट धरलं. सवयीने नाडीवरच बोटं गेली त्यांची. मोजायला त्यांचं घड्याळ नव्हतं, तरी बराच वेळ धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, घड्याळ परत न्या, कुणीतरी दुसरं मिळेल. त्या म्हणाल्या, "मी कुठे घाई केली?"

त्यांनी केली नाही, म्हणून मला करावीशी वाटते.

आयुष्यभर मी कुणाला बाकावर बसू दिलं नाही. तुलाही दिलं नाही. चावी द्यायला स्टुलावर चढवलं, पण चिमटा हातात दिला नाही. तू दारात उभी राहून बघायचीस आणि मी "उजेड अडवू नकोस" म्हणायचे. आता हिशेब असा आहे. पन्नास लागतात, तीस माझ्याकडे आहेत. शेवटचं, तोलायचं आणि स्प्रिंग बसवायचं, ते मी तोंडाने सांगू शकते, हाताने नाही. बाजूला बसून मी सांगेन, आणि चुकलीस तर रागावेन.

मला वीस मिनिटं कमी पडतात, चावी. ये.

तुझी आत्या


२४ ऑगस्ट

ती. आत्या,

रजा टाकली आहे, बारा दिवस. शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघते, अडीचच्या सुमाराला पोचेन. तेव्हा तू झोपलेली असशील. स्टेशनवर कुणी येऊ नये, आणि मी आले तरी चष्मेवाल्यांनी तुला उठवू नये. मी बाकाशी बसून वाट बघेन.

साहेबांनी कारण विचारलं. वीस मिनिटांचं काम आहे असं सांगितलं. त्यांनी विचारलं, "वीस मिनिटांना बारा दिवस?" मी हो म्हटलं.

नखं कापली आहेत.

तुझी,
चावी